गाऊन राहिली, ऐकून नाही राहिली

नागपूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३८, घर कडबी चौकाजवळ, नोकरी मिहानमध्ये. ४ वर्षांपूर्वी गाणं शिकायला सुरुवात केली, आठवड्यातून एकदा क्लासला जातात, गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झाली आहे. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. घरात पेटी आहे, तानपुरा मोबाइलवर. त्या लिहितात: "रोज सकाळी एक तास रियाज करायचा असं ठरवते, पण आठवड्यातून दोनदाच जमतं. बसले तरी पलटे म्हणताना डोळे घड्याळाकडे असतात. पहिल्या वर्षी गाण्यात जो आनंद होता, तो कुठे गेला कळत नाही. या वयात एवढं करून काय मिळणार, असंही मनात येतं. रियाजाची गोडी परत कशी लागेल? आणि नोव्हेंबरच्या सत्रात पुढच्या, मध्यमा प्रथम परीक्षेचा फॉर्म भरू का?"

ताई, तुमचं घड्याळाचं वाक्य वाचलं आणि मला महाल भागातली एक माडी आठवली. मी तेव्हा २२ वर्षांची होते. गुरुजींकडे भूप राग सुरू होऊन आठ महिने झाले होते. रोज तेच पलटे, सुरांचे ठरलेले गट. सारेग, रेगप, गपध, पधसां, आणि तसंच उलटं खाली. समोरच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. गुरुजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे, त्यांचं माझ्याकडे लक्षच नाही असं मला वाटायचं. एक दिवस अडकित्ता थांबला. "काऊन गं, किती वाजले?" मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तू गाऊन राहिली, ऐकून नाही राहिली."

मग त्यांनी तानपुरा मांडीवर घेतला. खर्जाच्या तारेचा मणी केसभर सरकवला, जवारीचा दोरा बोटाच्या टोकानं पुढेमागे करून पाहिला, आवाज मोकळा झाल्यावर थांबले. "आता गाऊ नको. याच्यात गंधार आहे. सापडला की सांग." तारा तर चारच: एक पंचम, दोन जोडाच्या म्हणजे मधल्या सा च्या, एक खर्ज म्हणजे खालच्या सा ची. गंधाराची, म्हणजे ग ची, तार कुठेच नाही. मी ऐकत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालच्या गल्लीतून सायकलींच्या घंट्या, कुणाचं तरी बोलणं. आणि मग, खर्जाची तार छेडली की तिच्या मागोमाग, वरच्या अंगाला, एक बारीक स्वच्छ ग उठतो आणि विरतो, हे कानात शिरलं. एकदा शिरलं ते शिरलंच. गुरुजी म्हणाले, "आता त्याच्यात मिळव." मी ग लावला. तो जिथे बसला तिथे माझा आवाज वेगळा ऐकूच येईना, खोलीच गाते आहे असं वाटलं. त्या दिवशी पाऊण तास मी एका सुरावर होते. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

गेली ३१ वर्षं मी शिकवते आहे. शाळकरी मुलं, निवृत्त मंडळी, तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाया, सगळे येतात, आणि वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक जण एकदा तरी हेच म्हणतो: "ताई, रियाज करून राहिलो, पण मन नाही लागून राहिलं." मी त्यांना आळशी समजत नाही. पलटे गळ्याला पाठ होतात तेव्हा कानाला काही काम उरत नाही. गळा आपला चालत राहतो आणि मन रिकामं बसतं. तुमचा आनंद पहिल्या वर्षी होता, कारण तेव्हा प्रत्येक सूर तुम्ही शोधत होतात. आता तुम्ही तो शोधत नाही, नुसत्या त्याच्या जागेवर जाऊन येता.

म्हणून माझी पहिली विनंती: रियाजाची पहिली दहा मिनिटं पेटी बंद ठेवा.

याला कारण आहे आणि ते नीट समजून घ्या, कारण गोडी इथेच दडलेली आहे. तार छेडली की ती सबंध लांबीनं हलते, तशीच अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्यात, पाचव्यात अशीही हलते. पाचव्या भागातून येणारा सूर म्हणजे गंधार. यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तुमच्या काळी चारच्या खर्जातून तो उठतो ते तुमच्या मधल्या गंधाराच्या बरोबर एक सप्तक वर. पेटीचं तसं नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून पेटीचा शुद्ध ग या स्वयंभू गंधारापेक्षा जरासा चढा लागतो. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर त्यातले साधारण १४. ऐकायला थोडं वाटतं, पण तानपुऱ्यासमोर ते स्पष्ट खुपतं. पंचमाचा फरक मात्र फक्त २ भागांचा, म्हणून पेटीवर पंचम लावताना काही चुकतंय असं कधी वाटत नाही.

ज्यांचा रियाज चार वर्षं पेटीच्या पट्टीला पट्टी जुळवून झाला आहे, त्यांना सूर 'बरोबर' येतो, पण तो बसल्याचा अनुभव क्वचितच मिळतो. आणि हा अनुभव म्हणजेच रियाजाची रोजची मजुरी आहे. ती त्याच दिवशी, त्याच क्षणी हातात पडते. तिच्यासाठी परीक्षेच्या निकालाची किंवा कुणाच्या टाळीची वाट पाहावी लागत नाही. पेटीला माझा विरोध नाही. मी स्वतः साथीला घेते. पण सकाळची पहिली ओळख तानपुऱ्याशी व्हावी.

मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज नीट निघतच नाही. एखादा बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि तो समोर न ठेवता मागे, पाठीच्या बाजूला ठेवा. आवाज बारीक. इतका की तुम्ही जोरात गायलात तर तो बुडेल. मग तुम्ही आपोआप हळू गाल, कारण तो ऐकू यायला हवा. सुरुवातीचे चार-पाच दिवस गंधार सापडणार नाही. घाई करू नका. डोळे मिटून खर्जाची तार आली की तिच्या शेपटाकडे कान ठेवा. सापडल्यावर त्यात मिसळायला जा, वरून नाही, खालून. सा धरा, रे मधून सरकत ग कडे या आणि जिथे कंप थांबतो तिथे थांबा. थोडं चढं किंवा उतरं असताना दोन आवाजांमध्ये एक थरथर जाणवते. जवळ आलात की ती मंद होत होत नाहीशी होते. हे शिकवावं लागत नाही, कान स्वतः ओळखतो.

आता तासाबद्दल. तो तास सोडून द्या. ८ वर्षांपूर्वी माझ्याकडे बँकेतली एक बाई यायची, तिचाही तासाचा हट्ट होता. तास मिळाला नाही की ती बसायचीच नाही, आणि तास रोज मिळणं तिच्या घरात शक्य नव्हतं. असं आठवड्यातून पाच दिवस अपराधी वाटून घ्यायचं आणि दोन दिवस त्या अपराधीपणाची भरपाई करायला बसायचं, यात गोडी कुठून यायची? तिला मी २० मिनिटं दिली, आणि २० च्या वर पहिले दोन महिने बसायचं नाही असं बजावलं. तिला ते विचित्र वाटलं. पण २० मिनिटं संपली तेव्हा अजून बसावंसं वाटत असेल, तर दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात. पोट तुडुंब भरेपर्यंत जेवलं की पुढच्या जेवणाची वासना मरते, तसंच हे आहे.

या २० मिनिटांना एक खुंटी हवी. 'सकाळी' ही खुंटी नाही, ती फार लांबरुंद आहे. 'चहाचा कप ठेवला की' ही खुंटी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला एक नवी गोष्ट जोडून घ्यायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असाही हिशेब निघाला. आणि मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय बिघडली नाही. आपल्याकडे घराण्यांमध्ये चिल्ला असायचा, ४० दिवस जगाकडे पाठ करून रियाज. तो ज्यांना झेपला त्यांना माझा नमस्कार. पण मिहानला जाणाऱ्या आणि सकाळी डबा करणाऱ्या बाईनं स्वतःला चिल्ल्याच्या मापानं मोजू नये.

२० मिनिटांत काय करायचं? पहिली सात-आठ मिनिटं सा आणि ग, मघाशी सांगितलं तसं. सकाळ असेल तर खाली मंद्र पंचमापर्यंत उतरा, सावकाश. त्यानंतर पलटा. एकच. तुम्हाला पलट्यांचा कंटाळा आहे, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते.

तुम्ही लिहिलं नाही, पण घरात एखादं मूल, भाचा-भाची, सासूबाई, कुणीतरी असेल. त्यांना जवळ बसवा आणि सांगा, मी सरगम म्हणते आहे, तुला वाटेल तेव्हा 'थांब' म्हण. 'थांब' ऐकलं की ज्या सुरावर असाल तिथेच उभं राहायचं आणि तानपुऱ्याशी तो सूर तपासायचा. गमपच्या मधल्या म वर थांबायला लागलं की कळतं, आपण त्या म वर कधी उभ्याच राहिलो नव्हतो, नुसतं ओलांडून जात होतो. माझ्याकडे इयत्ता चौथीतली एक मुलगी आहे, तिची आजी हा खेळ तिच्याशी खेळते. आजीला सुरांचं काही कळत नाही, पण ती अशी नेमकी अडचणीच्या जागी 'थांब' म्हणते की मला नवल वाटतं. कुणीच नसेल तर मोबाइलवर अलार्म लावा, वीस-पंचवीस सेकंदांनी वाजणारा.

दुसरा खेळ लयीचा. तीन-तीन सुरांचे गट त्रितालात ठेवा, एका मात्रेला एक सूर. ताल १६ मात्रांचा, गट ३ चे, त्यामुळे पहिल्या आवर्तनाच्या शेवटी गट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुटत नाही, पुढच्याही नाही. तिसरं आवर्तन संपलं, ४८ मात्रा झाल्या, की गटाचा पहिला सूर पुन्हा समेवर येऊन पडतो. ते पडणं हाताच्या टाळीत जाणवतं. झपतालात हेच ३० मात्रांनी होतं, रूपकात २१. एकच जुना सारेग रेगम, पण ताल बदलला की तो तुम्हाला पुन्हा जागं ठेवतो. मी आजही हे करते, आणि आजही कधी कधी दुसऱ्या आवर्तनात चुकते, आणि परत सुरू करायचा हुरूप त्या चुकण्यातूनच येतो.

शेवटची पाच मिनिटं बंदिश. जी आवडते ती, परीक्षेत असो नसो. इथे काही सुधारू नका. गा.

हे सगळं वाचून 'म्हणजे रियाज नेहमी गोड लागला पाहिजे' असा अर्थ मात्र काढू नका. तो तसा नसतो आणि नसतो म्हणून काही बिघडलेलं नसतं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला, १९९३ साली छापलेला अभ्यास लोक 'दहा हजार तास' म्हणून सांगत असतात. त्यातली मला उपयोगी वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. त्या मुलांनी सांगितलं की प्रगतीसाठी सगळ्यात महत्त्वाचा एकट्यानं केलेला सराव, पण सगळ्यात आनंदाचा मात्र तो नाही. आणि त्यातली जी उत्तम मुलं होती, ती दुपारची झोपही जास्त घेत होती. नीट लक्ष देऊन केलेलं काम दमवतं. दमल्यावर विश्रांती घ्यायची असते, तेव्हा स्वतःला बोल लावू नये.

आपल्या गावच्या हवेबद्दल लिहायलाच हवं, कारण रियाज तुटण्याची नागपुरातली दोन कारणं बाहेरच्या माणसाला कळणार नाहीत. एक उन्हाळा. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत, ४५ अंशांच्या कोरड्या हवेत, दुपारी-संध्याकाळी गाणं म्हणजे गळ्यावर अन्याय आहे. त्या दोन महिन्यांत पहाटे साडेपाचचीच वेळ धरा, नाहीतर रात्री जेवणानंतर दोन तासांनी. पाणी रियाजाला बसल्यावर गटागटा पिऊन उपयोग नाही, ते दिवसभर घोट घोट गेलेलं असावं लागतं. आणि कूलर. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन गायचं नाही, गळा आणखी कोरडा पडतो. त्याचा गोंगाट वेगळाच. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणाऱ्या मोटारीची गुणगुण तिच्या दुपटीनं, १०० वर असते. तो सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. म्हणजे ताई, तुमच्या षड्जाच्या, सा च्या, अगदी शेजारी, पण उतरलेला! काळी चारच्या किती तरी मुलींचा सा मे महिन्यात उतरलेला मी ऐकला आहे, आणि कूलर बंद केला की पाच मिनिटांत जागेवर आलेला. २० मिनिटांसाठी कूलर बंद करा. पहाटे ते सोसतं.

दुसरं कारण सण. पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत, मग गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी. आपल्याकडे महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे घरातल्या बाईचे चार दिवस गेलेच. क्लासमध्ये दर वर्षी पोळ्यानंतर निम्मी हजेरी होते आणि दिवाळीनंतर काही जण परत येतच नाहीत. त्यांना गाणं नकोसं झालेलं नसतं, परत यायची लाज वाटते. गळा बसला असेल, आधीच्यासारखं येणार नाही, ताई काय म्हणतील. तर असं करा: खंड पडणार हे आधीच धरून चला, आणि परत यायचा पहिला आठवडा कसा असेल ते आत्ताच ठरवून ठेवा. खंडानंतर पहिल्या दिवशी फक्त तानपुरा ऐकायचा आणि सा लावायचा, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी खर्ज. वरच्या, तार सप्तकाला आठवडाभर हात लावायचा नाही. बुडालेला रियाज भरून काढायला दुप्पट बसायचं तर मुळीच नाही. गळ्याचे स्नायू आहेत, ताणले की सुजतात. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर काढे आणि गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

तुम्ही खापरीपर्यंत मेट्रोनं जात असाल, तर तो वेळ सोन्याचा आहे. तिथे गाता येत नाही हेच त्याचं भाग्य. बोटांच्या पेरांवर त्रिताल धरा, 'खाली', म्हणजे टाळी नसलेली जागा, नवव्या मात्रेला येते ती अंगठा फिरवून दाखवा आणि बंदिशीचा मुखडा मनात म्हणा. ओठ हलवायचे नाहीत. मग कडबी चौकातून निघताना मनात धरलेला सा सीताबर्डीला पोचेपर्यंत टिकला का, ते हेडफोनवर तानपुरा लावून तपासा. सुरुवातीला तो निसटतो, बहुतेक खाली. महिन्याभरात टिकायला लागतो. घरी कुकरची शिट्टी झाली की तिच्याखाली आपला सा शोधून पाहायची मला खोड आहे, आणि ती मी सगळ्या विद्यार्थ्यांना लावली आहे.

महिन्यातून एकदा दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. त्याच दिवशी ऐकू नका. माझ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी दुसऱ्या वर्षी सोडायचं ठरवलं होतं, तान होत नाही म्हणून. मी त्यांना त्यांनीच गायलेला आठ महिन्यांपूर्वीचा यमन राग ऐकवला आणि मग त्या आठवड्यातला. तान खरंच तेवढीच अडखळत होती. पण जुन्यात तीव्र मध्यम प्रत्येक वेळी पंचमाकडे जाताना लटपटत होता, नव्यात तो ताठ उभा होता. ते त्यांना मी सांगितलं नाही. त्यांनीच तीन वेळा ऐकलं आणि म्हणाले, "म वर लक्षच नव्हतं माझं." तानेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचं मध्यमाकडे लक्ष नसतं. आपली वाढ आपण पाहतो त्या जागी होत नाही कधी कधी, म्हणून कानानं मागे वळून पाहावं लागतं. ते आजही येतात. तान आता बरी होते.

एकट्यानं सगळं करू नका, हेही सांगते. आठवड्यातून एक दिवस कुणासोबत तरी बसा. क्लासमधल्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलवा, दोघी मिळून एक सा धरा, एक थांबली की दुसरीनं चालू ठेवायचा. आणि प्रत्यक्ष गाणं ऐकायला जा. सिव्हिल लाइन्समध्ये आपलं वसंतराव देशपांडे सभागृह आहे, दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र तिथे वसंतरावांच्या स्मृतीचा समारोह भरवतं. मोबाइलवर ऐकणं आणि समोर बसून गवयाला सूर शोधताना पाहणं, यात फार फरक आहे. मोठे गवईसुद्धा सुरुवातीला सा वर किती वेळ थांबतात ते पाहा. अशा मैफलीहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशीचा रियाज मला कधी ओढून आणावा लागलेला नाही.

आणि वसंतरावांचं नाव आलंच आहे, तर तुमच्या वयाच्या प्रश्नाकडे येते. ते मूर्तिजापूरचे, जन्म १९२० चा. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. पुढे पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी किती तरी वर्षं नोकरी केली. दिवसा हिशेब आणि बाकीच्या वेळात गाणं. ही गोष्ट मी तुम्हाला 'तुम्हीही तशा व्हाल' म्हणून सांगत नाही. तसं कुणाला सांगणं खोटं ठरेल. त्यांना लहानपणापासून गाणं मिळालं होतं आणि प्रतिभा तर होतीच. सांगते ती एवढ्यासाठी की नोकरी आणि गाणं एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत मनातून काढा. ऑफिसचा दिवस खराब गेला म्हणून रियाज बुडवण्याऐवजी, त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं तानपुरा लावून बसून पाहा.

"काय मिळणार" याचं उत्तर मी देऊ शकत नाही असं नाही. ३८ व्या वर्षी रोज २० मिनिटं सुरू केलीत तर चाळिशीत तुमचा गंधार पक्का असेल. पंचेचाळिशीत यमन, भूप, बागेश्री, बिहाग असे सात-आठ राग तुम्ही अर्धा-अर्धा तास स्वतःच्या मनानं मांडू शकाल. मैफलीत बसल्यावर गवयानं कुठे काय केलं ते कळेल, दाद बरोबर जागी जाईल. माझ्याकडच्या ज्या बायांनी पस्तिशी-चाळिशीत सुरू करून सोडलं नाही, त्यांच्याकडे हे आहे. मला ते थोडं वाटत नाही.

एक गोष्ट तपासून पाहा, तीही मोकळेपणानं. गोडी घरी गेली की क्लासमध्ये? मी तरुणपणी काही महिने एका ठिकाणी जात होते, तिथे चुकलं की सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवायचे. त्या काळात मी घरीसुद्धा तोंड उघडायला घाबरायची. तसं काही असेल तर दोष तुमच्या रियाजात नाही, आणि जागा बदलण्यात गुरुद्रोहही नाही. तसं नसेल तर तुमच्या गुरूंना हे सगळं सांगा. शिष्याला कंटाळा आला आहे हे कळलं तर चांगला गुरू राग बदलतो, बंदिश बदलतो, कधी महिनाभर नुसतं ऐकवतो.

राहिला फॉर्म. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. माझं मत, यंदा नोव्हेंबर सोडा. परीक्षा वाईट नाही. तिच्यामुळे राग पाठ होतात, ताल तोंडात बसतात, आणि काही जणांना कुंपण असल्याशिवाय चालताच येत नाही. पण तुम्ही आत्ता फॉर्म भरलात तर तुमच्या २० मिनिटांतला गंधार पहिल्याच आठवड्यात जाईल आणि त्या जागी अभ्यासक्रम येईल. पोळा ते दिवाळीचा खंड मध्ये आहेच. शिवाय परीक्षेपुरता रियाज करणाऱ्यांचा परीक्षेनंतरचा महिना मी दर वर्षी पाहते, तानपुऱ्यावरची गवसणी निघत नाही. एप्रिलच्या सत्राला बसा. तोवर अभ्यासक्रमात नसलेला एक राग गुरूंकडून मागून घ्या आणि तो कुठल्याच परीक्षेला गायचा नाही असं ठरवा. एप्रिलचा फॉर्म भरायची वेळ आली की त्यांच्यासमोर पेटी न घेता बसा, तानपुरा लावा, आणि दुसरं काही गायच्या आधी त्यांना फक्त तुमचा ग ऐकवा. भरायचा की नाही, ते त्यांना तेवढ्यावरून कळेल.